सप्टेंबरातली विहीर आणि कचऱ्याचा खड्डा

ऑगस्ट महिन्यात पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या तळघरात एक पंप रात्रंदिवस चालू असतो. पार्किंगच्या कोपऱ्यात छोटा खड्डा, त्यात सबमर्सिबल सोडलेला. पाणी साचलं की तो सुरू होतो, उपसलं की बंद पडतो. पाऊस उघडून चार दिवस झाले तरी हे थांबत नाही. वार्षिक सभेत दरवर्षी वॉटरप्रूफिंगची तक्रार होते. ती खरी असेलही, पण मुळात ते तळघर पावसाळ्यात भूजलात उभं असतं. मे महिन्यात खणलं तेव्हा तिथे कोरडा मुरूम लागला होता, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आता त्या तळघराच्या जागी काही एकरांचा खड्डा आणि त्यात शहराचा कचरा आहे असं समजा. तळघराची चूक पंप लावून निभावता येते. कचऱ्याखाली झालेली तीच चूक मात्र आजूबाजूच्या प्रत्येक विहिरीत उतरते आणि पुढची कित्येक वर्षं तिथेच राहते. भूजल वर असलेल्या भागात लँडफिल, म्हणजे कचरा शास्त्रीय पद्धतीने पुरायची जागा, सुरक्षित बांधायची तर काय काय करावं लागतं, ते इथे सांगतो. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम कुदळ मारण्याआधीचं आहे.

पुण्याला या विषयाची ओळख नव्याने करून द्यायला नको. आज कोथरूडला मेट्रोचा डेपो आहे तिथे पूर्वी शहराचा कचरा डेपो होता. नंतर सासवड रस्त्यावरच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत, सुमारे १६३ एकरांवर, कित्येक दशकं कचऱ्याचे ढीग चढत गेले. खाली अस्तर नसलेल्या उघड्या ढिगातून जे व्हायचं तेच झालं. विहिरींचं पाणी बिघडलं, पिण्यासाठी टँकर आले, गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. पुढे ढिगांच्या काही भागावर कॅपिंग, म्हणजे वरून झाकण घालायचं काम, झालं, काही जुना कचरा उकरून वेगळा करायचं काम, ज्याला बायोमायनिंग म्हणतात, ते हाती घेतलं गेलं. पण विहिरीत उतरलेलं पाणी असं उकरून बाहेर काढता येत नाही.

कचऱ्याचा काढा

आपल्याकडच्या कचऱ्यात ओला भाग मोठा असतो. भाजीची देठं, फळांच्या साली, उरलेलं अन्न, चहाचा चोथा. हे दाबलं गेलं की त्यातलंच पाणी सुटतं. वर पाऊस पडतो. पुण्यात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. एका एकरावर ७०० मिलिमीटर म्हणजे सुमारे २८ लाख लिटर पाणी. त्यातलं काही वाहून जातं, काही उडून जातं, उरलेलं कचऱ्यातून मुरत मुरत खाली येतं. चहापत्तीतून उकळतं पाणी जावं तसं ते वाटेत जे विरघळेल ते घेऊन उतरतं: सेंद्रिय आम्लं, अमोनिया, क्लोराइड, बॅटऱ्या आणि रंगांमधले जड धातू. या काळ्या, उग्र वासाच्या द्रवाला लिचेट म्हणतात. मला काढा हा शब्द जास्त नेमका वाटतो.

हा काढा वर्षागणिक बदलतो. सुरुवातीला सेंद्रिय घाण प्रचंड असते, ती हळूहळू कुजून कमी होते. अमोनिया मात्र दीर्घकाळ टिकून राहतो. ढीग जुना झाला, वास गेला, वर गवत आलं, म्हणजे धोका संपला असं नाही.

पायाखाली काय आहे

लँडफिलची जी चित्रं आपण पाहतो त्यांत खाली मातीचे सरळ थर असतात आणि एका आडव्या निळ्या रेषेवर भूजल दाखवलेलं असतं. पुण्याखाली असं काही नाही. इथे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसलेत. वर काळी माती किंवा मुरूम, त्याखाली कुजट खडक, मग कुठे घट्ट काळा पाषाण तर कुठे भोकाभोकांचा खडक. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीची पट्टी असते. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे ती नीट दिसते. घट्ट पाषाणातून पाणी जात नाही, पण त्याला उभ्या-आडव्या भेगा असतात आणि पाणी त्या भेगांतून पळतं. म्हणून शेजारशेजारच्या दोन विहिरींपैकी एकीला भरपूर पाणी आणि दुसरी कोरडी, हे आपल्याकडे प्रत्येक गावात दिसतं.

याचे दोन परिणाम होतात. वाळू-मातीच्या प्रदेशात घाण पाणी संथपणे सरकतं, वाटेत थोडंफार गाळलंही जातं. भेगांमध्ये गाळणी नसते. काढा भेगेत शिरला की तो पुढच्या विहिरीत कधी पोहोचेल हे साध्या गणिताने सांगता येत नाही. दुसरा परिणाम पातळीचा. आपल्या खडकात पाणी साठायला जागा फार थोडी असते, त्यामुळे जरा पाऊस मुरला की पातळी भराभर चढते आणि उपसा सुरू झाला की तशीच उतरते.

माझी आत्या पुण्याच्या पूर्वेला एका खेड्यात राहते. तिच्या विहिरीला दगडी पायऱ्या आहेत. एकदा विचारलं, "आत्या, विहिरीला पाणी किती असतं गं?" ती म्हणाली, "कधीचं विचारतोस? गौरी बसतात तेव्हा वरून चौथ्या पायरीला हात बुडतो. अक्षयतृतीयेला तळाचा दगड मोजून घे." मी नकाशे आणि अहवाल बरेच वाचलेत, पण या प्रश्नाचं इतकं अचूक उत्तर क्वचित पाहिलंय. कधीचं, हेच आधी विचारायला हवं.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितलं की लँडफिलच्या तळाशी जो चिकणमातीचा थर असतो, त्याच्या बुडापासून भूजलाची सर्वांत वरची पातळी किमान २ मीटर खाली असली पाहिजे. सर्वांत वरची. सरासरी नाही, पाहणीच्या दिवशीची नाही. पण जागेची पाहणी बहुतेकदा कधी होते? गाडी शेतात जाते तेव्हा, म्हणजे मार्च ते मे. तेव्हा बोअर घेतलं आणि १२ मीटरवर पाणी लागलं, तर कागदावर जागा उत्तम ठरते. सप्टेंबरात तेच पाणी ३ मीटरवर आलेलं असू शकतं.

म्हणून जागा पक्की करण्याआधी किमान एक पूर्ण वर्ष, जमल्यास जास्त, पातळी मोजायला हवी. त्यासाठी पायझोमीटर बसवतात. ही खालच्या टोकाला जाळी असलेली बारीक नळी, ठराविक खोलीवर उतरवलेली, वरून सीलबंद. एकाच जागी वेगवेगळ्या खोलींवर दोन-तीन नळ्या लागतात, कारण तांबड्या पट्टीच्या वरचं पाणी आणि तिच्या खालचं पाणी ही वेगळी पाणी असू शकतात. ते वर्ष कमी पावसाचं असेल तर त्यावर विसंबू नये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ही राज्याची संस्था १९७२ पासून काम करते, तिचं मुख्यालय पुण्यातच आहे आणि तिच्याकडे निरीक्षण विहिरींच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत. त्या नोंदी आणि आसपासच्या शेतकऱ्यांची माहिती जोडून पाहिली की चांगल्या पावसाच्या वर्षी पाणी कुठवर येतं याचा अंदाज बांधता येतो.

कालवा जवळ असेल तर आणखी एक नजर हवी. खडकवासल्याचं पाणी घेऊन जाणारा मुठा उजवा कालवा फुरसुंगीकडून पुढे पूर्वेला जातो. कालव्याला आवर्तन सुटलं की काठच्या विहिरी भर उन्हाळ्यातही चढतात. तिथे वरची पातळी पावसाळ्यात येईलच असं नाही.

आणि बंद पडलेल्या दगडखाणी. वाघोलीसारख्या भागांतून जाताना त्या पाहिल्या की मनात येतंच: एवढा मोठा खड्डा आयता तयार आहे, तो कचऱ्याने भरला तर काय बिघडलं? पुष्कळ बिघडेल. खाणीचा तळ बहुधा भूजलाच्या पातळीपर्यंत किंवा तिच्याखाली गेलेला असतो, म्हणून पावसाळ्यानंतर तिथे हिरवं पाणी साठलेलं दिसतं. शिवाय सुरुंगांनी आसपासच्या भेगा आणखी उघडलेल्या असतात. कचरा पुरायला याहून वाईट जागा शोधणं कठीण आहे.

शेततळ्याचा कागद आणि त्याखालची माती

ज्यांनी शेततळं केलंय त्यांना अस्तर समजावून सांगावं लागत नाही. शेततळ्यात बहुधा ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा प्लास्टिकचा कागद अंथरतात. लँडफिलमध्ये एचडीपीई या दणकट प्लास्टिकचा १.५ मिलिमीटरचा कागद लागतो, तिप्पट जाड. पण खरी गोष्ट त्याच्या खाली आहे. कागदाखाली ९० सेंटीमीटर जाडीचा चिकणमातीचा, किंवा बेंटोनाइट ही पाण्याने फुगणारी माती मिसळलेल्या मातीचा, दाबून घट्ट केलेला थर लागतो. त्या मातीतून पाणी जाण्याचा वेग सेकंदाला एका सेंटीमीटरच्या एक कोटीव्या भागाहून जास्त नसावा, अशी अट २०१६ च्या नियमांनी घातली.

दोन्ही कशाला, असं कुणी विचारलं तर हिशेब करून दाखवता येतो. नुसती माती धरा, अगदी नियमात बसणारी. एक कोटीवा भाग ऐकायला शून्यच वाटतो, पण वर्षात सेकंद ३ कोटी १५ लाखांच्या आसपास असतात. म्हणजे वर्षाला ३ सेंटीमीटरहून थोडं जास्त पाणी त्या थरातून जातं. एका एकराला ते सव्वा लाख लिटरच्या वर होतं. आता नुसता कागद धरा. कागदातून पाणी जात नाही, पण कागदाला भोक पडतं. एक चौरस सेंटीमीटरचं भोक, वर वीतभराहून थोडा जास्त द्रव आणि खाली मोकळी खडी, एवढ्याने दिवसाला हजारो लिटर निसटू शकतात. आणि कागद व माती एकमेकांना घट्ट चिकटून असतील तर? त्याच भोकातून, अभियंते नेहमी वापरतात त्या सूत्राप्रमाणे, दिवसाला साधारण अर्धा लिटर. भोक तेवढंच राहतं, पण पाणी त्याच्याखालच्या मातीत अडतं आणि बाजूला पसरायलाही जागा मिळत नाही.

म्हणून चिकटून बसणं महत्त्वाचं. दुपारच्या उन्हात कागद प्रसरण पावतो, त्याला सुरकुत्या पडतात, आणि सुरकुतीखाली पाणी पसरायला पोकळी तयार होते. चांगले कंत्राटदार सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर कागदावरचा खडीचा थर टाकतात. दोन पट्टे जोडताना गरम यंत्राने दोन समांतर शिवणी घालतात आणि मधल्या पोकळीत हवा भरून दाब टिकतो का ते पाहतात. दाब उतरला की शिवण गळकी. हे प्रत्येक जोडावर करायचं, नमुन्यादाखल नाही. बहुतेक भोकं कारखान्यात पडत नाहीत, ती साइटवर पडतात: टोकदार खडी, डंपरचं चाक, वर फिरणारा जेसीबी.

मातीबद्दल एक गैरसमज आपल्या भागात हमखास भेटतो. काळी माती चिकट असते, तीच अंथरू. काळ्या मातीत फुगणारं खनिज असतं हे खरं, बेंटोनाइटही त्याच कुळातलं. पण तीच माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. मातीचा थर १५ ते २० सेंटीमीटरच्या पातळ थरांत, योग्य ओल राखून, खुरांच्या रोलरने दाबत चढवावा लागतो आणि लगेच झाकावा लागतो. मे महिन्यात आठ दिवस उघडा ठेवलेला थर नियमात बसेल याची खात्री उरत नाही.

खालून येणारा दाब

आता भूजल वर असण्याचा खरा त्रास. शेततळं रिकामं असताना खाली पाणी चढलं की कागद मध्ये फुगून वर येतो, हे अनेकांनी पाहिलंय. लँडफिलमध्येही तसंच होतं, फक्त फुगणाऱ्या गोष्टीत मातीचा थरही असतो. पाण्याची दर मीटर उंची प्रत्येक चौरस मीटरवर एक टन दाब देते. ९० सेंटीमीटर ओल्या मातीचं वजन चौरस मीटरला साधारण पावणेदोन टन. मातीच्या बुडापेक्षा भूजल २ मीटर वर चढलं तर खालून २ टनांचा रेटा येतो. माती उचलली जाते, तडकते, आणि वरचा कागद ताणला जातो. हे सगळ्यात जास्त कधी होतं? खड्डा नवा असतो आणि कचरा पडायला सुरुवात झालेली नसते तेव्हा. उद्घाटनानंतरचा पहिला पावसाळा हा सर्वांत धोक्याचा.

यावर पहिला उपाय म्हणजे खणूच नये. जमीन सपाट करून, गरज असेल तर चांगला मुरूम भरून ती उंच करावी आणि लँडफिल वर बांधावी, टेकाडासारखी. जागा जास्त लागते, बांध भक्कम हवेत, कडेच्या उतारांची स्थिरता तपासावी लागते. तरी पुण्यासारख्या जमिनीत मला हाच मार्ग पटतो, कारण २ मीटरचं अंतर त्यात जन्मभर राहतं, त्यासाठी कुठला पंप चालू ठेवावा लागत नाही.

दुसरा उपाय अस्तराखालचा निचरा. मातीच्या थराखाली खडीचा थर आणि भोकांच्या नळ्या टाकायच्या आणि भूजल चढू लागलं की ते उताराने बाहेर काढायचं. उतारावरची जागा असेल तर हे पाणी आपोआप वाहतं. सपाट जागी पंप लागतो, आणि पंपावर अवलंबून असलेला निचरा वीज गेली, मोटर जळाली, बिल थकलं की संपतो. वरचा कचरा पुरेसा जड होईपर्यंत तरी तो थांबता कामा नये. दाबलेल्या कचऱ्याचं वजन घनमीटरला साधारण ८०० किलो ते एक टन धरलं, तर खालून ५ टनांचा रेटा असताना मातीखेरीज सव्वातीन ते चार मीटर कचरा लागतो, आणि सुरक्षिततेसाठी त्याहून जास्त. या निचऱ्याचं पाणी वेगळं मोजायचं. ते स्वच्छ आहे तोवर अस्तर शाबूत आहे. त्यात अमोनिया दिसू लागला की अस्तर फुटलं, हे विहिरीआधी इथे कळतं.

जागेच्या वरच्या अंगाला खोल चर खणून, त्यात खडी भरून, येणारं भूजल आधीच वळवायचं, हाही एक मार्ग. कॅनडात काही ठिकाणी भूजलाची पातळी मुद्दाम काढ्याच्या पातळीपेक्षा वर ठेवतात, म्हणजे गळती झालीच तर बाहेरचं पाणी आत येतं, आतलं बाहेर जात नाही. तिथल्या जाड चिकणमातीत ते जमतं. आपल्या भेगाळ खडकात आत येणारं पाणी आवरणार नाही.

एक गोष्ट अनेक आराखड्यांत निसटते: जुनी बोअर. पुण्याच्या परिसरात शेताशेतात २००-३०० फुटांच्या बोअर आहेत आणि त्यांना केसिंग, म्हणजे आतली आधाराची नळी, बहुधा फक्त वरच्या मुरमापुरतं असतं. जागेत अशी एक बोअर बुजवायची राहिली, तर महागडा कागद तिच्यावर अंथरूनही काढ्याला थेट खोल पाण्यापर्यंतची वाट तयार असते. प्रत्येक बोअर शोधून, तळापासून सिमेंट-बेंटोनाइटच्या घोळाने भरत वर यायचं. वरून दगडमाती टाकली तर ती मध्येच अडकते.

वरच्या बाजूचं थोडक्यात. कागदावर खडीचा निचरा थर, त्यात नळ्या, तळाला उतार, आणि काढा साठू न देता सतत उपसून शुद्धीकरणाला नेणं. अमेरिकेत १९९१ साली ठरलेल्या नियमांनी अस्तरावरच्या द्रवाची उंची ३० सेंटीमीटरच्या आत बांधून दिली, कारण उंची वाढली की प्रत्येक भोकातली गळती वाढते. रोजच्या कचऱ्यावर १० सेंटीमीटर माती, पावसाळ्याआधी जाड मधलं आच्छादन, आणि भरून झाल्यावर वर पुन्हा घट्ट माती, निचरा आणि गवताचा थर. आणि ओला कचरा तिथे पोहोचूच न देणं. पुण्यात स्वच्छ संस्थेच्या कचरावेचक बाया दारातून कचरा वेगळा घेतात, तेव्हा त्या विहिरींसाठी जे करतात ते कुठलाही कागद करू शकत नाही.

भरून झाल्यावर १५ वर्षं जागेची देखभाल करायची, असं २०१६ च्या नियमांनी सांगितलं. हद्दीपासून ५० मीटरच्या आतलं भूजल उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासायचं. एक निरीक्षण विहीर वरच्या अंगाला हवी, बाकीच्या खालच्या अंगाला, आणि भेगा ज्या दिशेने जातात त्या दिशेला नक्की. पहिले नमुने कचऱ्याची पहिली गाडी येण्याआधी घ्यायला हवेत, नाहीतर पुढे "पाणी आधीपासूनच असं होतं" या वाक्याला उत्तर देता येत नाही.

तुमच्या भागात अशी जागा ठरत असेल आणि जनसुनावणी असेल, तर अहवालात भूजलाच्या पातळीचा तक्ता शोधा. त्यात दोन रकाने पाहा: मोजणीची तारीख आणि त्या वर्षीचा पाऊस. तारीख एप्रिलची असेल तर सप्टेंबरची मोजणी लेखी मागा. आणि जाताना आसपासच्या चार विहिरींवर थांबून, गौरी बसतात तेव्हा पाणी कितव्या पायरीला असतं ते विचारून, लिहून घेऊन जा.